आमच्या धर्मग्रामाची रुग्णसेवा : १४ महिन्यांचा अनुभव

आईला पक्षाघात झाला. इस्पितळातून सोडताना माझ्या हातात कागदांचं जाडजूड पुडकं दिलं, पण तिला कुशीवर कसं वळवायचं हे कुणी दाखवलं नाही. उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं तुटक, घोट घेताना ठसका. घरात ती आणि मी. दादा परगावी.

त्या आठवड्यात मी चर्चच्या कार्यालयात फोन केला तो फक्त व्हीलचेअरसाठी. त्यानंतर आई जाईपर्यंत, म्हणजे १४ महिने, आमच्या धर्मग्रामाची, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरातल्या ख्रिस्ती समाजाची, रुग्णसेवा घरी येत राहिली. घरी आजारी माणूस सांभाळताना चर्चकडे मदत मागावी की नको, या विचारात जे असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. चांगलं ते सांगतेच, खटकलं तेही सांगते.

आधी सामानाबद्दल. चर्चच्या मागच्या खोलीत पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी असं सगळं ठेवलेलं असतं. घरातला आजारी माणूस बरा झाला किंवा गेला, की लोक ते सामान तिथे आणून देतात. वहीत नाव, फोन आणि तारीख एवढंच लिहून घेतात. बाप्तिस्म्याचा दाखला नाही, शिफारस नाही, दानाचं पाकीट पुढे करणं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी ख्रिस्ती नाहीत. सासऱ्यांसाठी वॉकर हवा म्हणून माझ्याबरोबर आल्या आणि पाच मिनिटांत घेऊन गेल्या. चर्चला कधी येता, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

पण पलंग आला तो पाठ वर करण्याच्या दांड्याशिवाय. पायथ्याशी फिरवायचा तो लोखंडी दांडा नसला की तो पलंग म्हणजे नुसता उंच खाट. आडवं असताना आईला भरवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि जेवणाची वेळ झालेली. मी उशांची चळत लावून तिला कशीबशी टेकवलं. पलंग पोचवणाऱ्या काकांना फोन केला तेव्हा माझा आवाज चढला होता, हे कबूल करते. रात्री साडेनऊला ते दांडा घेऊन आले. खोलीतलं सगळं सामान उपसून शोधला होता. गंजलेला भाग पुसून तेल लावून आणला होता. स्वतः गुडघ्यावर बसून बसवला, पाचसहा वेळा वरखाली करून पाहिला आणि मगच उठले. हवेच्या गादीची एक नळी गळत होती, ती बदलायला मात्र चार दिवस लागले. ते चार दिवस मी दर दोन तासांनी गजर लावून आईला वळवलं, कारण पाठीला जखम झाली की ती भरता भरत नाही. तुम्ही गादी घ्याल तेव्हा तिथेच फुगवून तासभर पंप चालू ठेवा, मगच घरी न्या.

आता सगळ्यात मोठी तक्रार. पहिल्या महिन्यात कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आईचं नाव प्रार्थनेसाठी वाचलं गेलं आणि सोमवारी दुपारी तीन वेगवेगळ्या घरांतून डबे आले. संध्याकाळी आणखी एक. फ्रीजमध्ये जागा नव्हती, काही टाकून द्यावं लागलं. बुधवारी आईला ताप, मला चूल पेटवायलाही सवड नाही, आणि त्या दिवशी कुणीच नाही. शिवाय निम्मं जेवण आईला गिळता न येणारं. प्रेमाने आलेलं अन्न टाकताना जो अपराधीपणा वाटतो, तो आजारपणाच्या वर आणखी एक भार होतो.

गरजूंच्या घरी जाऊन मदत करणारी संत विन्सेंट डी पॉल सोसायटी आमच्या चर्चमध्ये आहे. तिथल्या मावशींना मी हे सांगितलं. त्या कितीतरी वर्षं हे काम करताहेत. त्यांना राग आला नाही. सोसायटीला ज्यांचं नाव आहे त्या संत विन्सेंटची, शाटियों गावातली गोष्ट त्यांनी सांगितली. १६१७ सालचा ऑगस्ट महिना. विन्सेंट तेव्हा फ्रान्समधल्या त्या छोट्या गावाचे धर्मगुरू होते. मिस्सेच्या आधी निरोप आला की गावाबाहेर एक अख्खं कुटुंब आजारी पडलंय, पाणी द्यायलाही कुणी उठू शकत नाही. प्रवचनात त्यांनी ते सांगितलं. दुपारी ते स्वतः निघाले तर रस्ताभर बायकांची रीघ लागलेली, कुणी जाताहेत, कुणी परतताहेत. विन्सेंटना आनंद झाला आणि काळजीही वाटली. आज या लोकांना खाऊन संपणार नाही इतकं मिळालं, उरलेलं नासेल, आणि उद्या ते होते तसेच उपाशी. तीन दिवसांत त्यांनी काही बायकांना एकत्र आणलं आणि पाळ्या लावून दिल्या. त्याच वर्षी त्या गटाची नियमावली मंजूर झाली. मावशी म्हणाल्या, "चारशे वर्षांपूर्वी जे शिकलो तेच आम्ही विसरलो. दोन दिवस दे मला."

दोन दिवसांनी एक तक्ता आला. आठवड्याचे वार, त्यापुढे घराचं नाव, काय आणायचं आणि काय नाही. 'सगळं मऊ आणि दाटसर, पाण्यासारखं पातळ नको' ही ओळ लाल पेनाने. शनिवार-रविवार मुद्दाम रिकामे, कारण तेव्हा मी स्वतः करू शकते असं मी सांगितलं होतं. त्यानंतर १३ महिन्यांत एकदाच पाळी चुकली, तीही आधी फोन करून.

येणारी माणसं नेहमी दोघं. सोसायटीची ही जुनी रीत आहे. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सोसायटी सुरू केली तेव्हा तो २० वर्षांचा विद्यार्थी होता. घरोघरी कसं जायचं हे त्या पोरांना पॅरिसच्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझली रेंदू यांनी शिकवलं. दोघं आल्याचा फायदा मला रोजच्या व्यवहारात कळला. एक जण आईशी बोलतो, दुसरा तुमच्याशी. आजारपणात सगळे रुग्णाची चौकशी करतात, सांभाळणाऱ्याला 'तू जेवलीस का' हे विचारणारं माणूस वेगळं लागतं.

रविवारी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, घरी यायचा. फादर महिन्यातून एकदा येत, एरवी धर्मगुरू नसलेले, पण या कामासाठी नेमून दिलेले प्रापंचिक सेवक. छोटी गोल सोनेरी डबी गळ्यातल्या पिशवीत ठेवून ते थेट मिस्सेतून निघत, वाटेत कुठे थांबत नसत. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिनने लिहून ठेवलंय की उपासनेला येऊ न शकलेल्यांकडे सेवक ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. आमच्या दारात रविवारी साडेनऊला घंटी वाजे तेव्हा मला ते आठवायचं. आईला पूर्ण भाकर गिळता येत नसे. सेवक नखाएवढा तुकडा मोडून तिच्या जिभेवर ठेवत आणि चमचाभर दाटसर पाणी देत. ती गिळेपर्यंत, कधी दोन मिनिटं, कधी चार, खोलीत कुणी बोलत नसे. तिच्या गळ्याची हालचाल झाली की सगळ्यांचे श्वास सुटत.

तिसऱ्या रविवारी सेवकांनी मला विचारलं, "आणि तू?" मी म्हटलं, मी आत्ताच खाल्लंय, ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीचा तासाभराचा उपवास मोडला. ते म्हणाले, "आजाऱ्यांना आणि वृद्धांना ती अट नाही. त्यांची देखभाल करणाऱ्यांनाही नाही." चर्चच्या कायद्याच्या ९१९ व्या कलमात हे स्पष्ट लिहिलंय. सहा आठवडे मी मिस्सेला जाऊ शकले नव्हते. मी हात धुऊन आले, आईच्या पलंगाशी उभी राहिले आणि ख्रिस्तप्रसाद घेतला. माझा कुणीतरी विचार करून ठेवला होता, कायदा लिहिताना, मी जन्माला येण्याच्या आधीपासून नाही तरी मला ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी. त्या दिवशी मी खूप रडले.

गुरुवारचे दोन तास हा या सेवेचा माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. दुपारी तीन ते पाच दोघी जणी आईजवळ बसत आणि मला बाहेर काढत. अक्षरशः काढत. पहिल्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले तर मावशींनी हातातली घासणी काढून घेतली. त्या दोन तासांत मी बँकेत गेले, केस धुतले, बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत दार लावून झोपले. डब्याशिवाय माझं निभलं असतं. या दोन तासांशिवाय निभलं नसतं.

रुग्णाभ्यंगाबद्दल, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून देतात त्या संस्काराबद्दल, थोडं. फादरनी विचारलं तेव्हा दादा फोनवर चिडला, "इतक्यात कशाला? आई काय चाललीय?" आमच्या घरात अजून त्याला शेवटचा अभ्यंगच म्हणतात. खरं तर १९६३ सालीच दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, सांगितलं की हा संस्कार केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. आजार बळावला तर तो पुन्हाही देता येतो. फादरनी हे सगळं दादाला शांतपणे समजावलं आणि तो आल्यावरच दिवस ठरवला. कपाळावर तेल लावलं, मग तळहातांवर. आईची उजवी मूठ घट्ट वळलेली असायची. फादरनी घाई केली नाही. एकेक बोट अलगद सोडवत तळवा उघडला, तेल लावलं आणि तो हात तसाच आपल्या हातात धरून ठेवला. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

एक गोष्ट मला फार खटकली. दुसऱ्या महिन्यात डबा देतानाचा फोटो कुणीतरी काढला आणि तो चर्चच्या फलकावर लागला. फोटोत आईचं वाकडं झालेलं तोंड. ज्या बाईने आयुष्यभर केस विंचरल्याशिवाय दार उघडलं नाही, तिला सगळ्या धर्मग्रामाने तसं पाहिलं. मी फोन केला, फोटो त्याच दिवशी निघाला, माफीही मागितली. तेव्हापासून घरात फोटो न काढण्याचा नियम आहे असं कळलं. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे येशूचं वचन ज्यांनी लहानपणापासून ऐकलंय, त्यांना हा नियम आधीच असायला हवा होता.

आणखी एक राग मी बरेच महिने मनात धरला होता. दर मंगळवारी येणारी जोडी आमच्याकडे वीसच मिनिटं थांबायची. सारखं घड्याळाकडे लक्ष. शेवटी मी विचारलंच. त्यांच्या फेरीत पाच घरं होती आणि आमचं पहिलं. शेवटचं एका एकट्या राहणाऱ्या काकांचं, जे पायाच्या जखमेने अंथरुणाला खिळलेले. शाटियोंच्या त्या जुन्या नियमावलीतच आहे की ज्यांच्याजवळ कुणी आहे त्यांच्यापासून सुरुवात करायची आणि एकट्यांकडे शेवटी जायचं, म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येतं. आईजवळ मी होते. त्या मंगळवारनंतर मीच त्यांना वीस मिनिटं झाली की उठवू लागले.

आईसाठी त्यांनी जे केलं त्यात मला सर्वांत आवडलं ते हे, की त्यांनी तिच्याकडून काही मागितलं. त्या वर्षी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांची यादी मोठ्या अक्षरांत छापून आणली, ३८ नावं. "रोज एका नावासाठी प्रार्थना कराल का? आमच्याकडून होत नाही." आई शिक्षिका होती. ती यादी तिने हजेरीपटासारखी वापरली. सकाळी डाव्या हाताचं बोट नावावर ठेवायची, नाव उच्चारायला झगडायची, मग 'नमो मरिया' ही प्रार्थना. 'र' जमायचा नाही, तरी प्रत्येक नाव पूर्ण करायची. त्यातली दोन मुलं एकदा भेटायला आली तेव्हा तिने त्यांची नावं बरोबर घेतली. तिच्या वाचाव्यायामात महिन्याभरात जे झालं नव्हतं, ते या यादीने झालं. ती गेल्यावर यादी मावशींनी मागून घेतली. आता ती त्या एकट्या काकांच्या उशाशी आहे.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो पहिल्या महिन्यासाठी, आणि त्याहून जास्त मनुष्यबळासाठी. काम करणारी माणसं ११, बहुतेक साठीच्या पुढची. दोघं आजारी पडले की फेरी कोलमडते. सणाच्या तयारीच्या बैठकीला खुर्च्या कमी पडतात. पोप बेनेडिक्ट १६ वे यांनी २००५ साली लिहिलं होतं की वचन आणि संस्कार जसे चर्चला सोडता येत नाहीत, तशी सेवाही सोडता येत नाही. धर्मग्रामाच्या परिषदेने हे मनावर घ्यावं आणि तरुणांना निदान सामान उचलायला आणि दुरुस्त करायला तरी बोलवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मदत मागायची असेल तर 'काहीही चालेल' म्हणू नका. कुठला वार, कुठली वेळ, काय गिळता येतं, काय नाही, हे सांगा. सांभाळणारे तुम्ही एकटेच असाल तर तेही पहिल्याच फोनवर सांगा, मी ते तीन आठवड्यांनी सांगितलं.

आई गेल्यावर नवव्या दिवशी पलंग न्यायला तेच काका आले. दांडा मी पलंगाच्या पायाला सुतळीच्या दुहेरी गाठीने बांधून ठेवला होता. त्यांनी गाठ ओढून पाहिली, मान हलवली, आणि आम्ही दोघांनी मिळून पलंग जिन्यातून खाली उतरवला.