चाकणच्या कारखान्यातील सहा आठवडे : एका इंटर्नशिपचे परीक्षण

मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असताना मी चाकण औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात सहा आठवडे इंटर्नशिप केली. तेथे वाहनांसाठी लागणारे शाफ्ट (फिरणारे दांडे) आणि तत्सम सुटे भाग तयार होतात. कारखान्याचे नाव मी येथे देत नाही. तेथील कामगारांनी मला जे दिले त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे, आणि ज्या उणिवा जाणवल्या त्या मी निघतानाच व्यवस्थापनाला लेखी कळवल्या आहेत. हे परीक्षण, पुढच्या वर्षी अशा ठिकाणी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांना काय मिळेल आणि काय मागून घ्यावे लागेल हे कळावे, यासाठी आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपला ४ श्रेयांक आहेत, त्यामुळे जागा मिळवण्यासाठी सर्वांचीच एकदम धावपळ होते. या घाईत एक फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली नोंदणीकृत करार करून जो उमेदवार घेतला जातो, त्याला ठरलेले विद्यावेतन द्यावेच लागते. महाविद्यालयाच्या पत्रावर आलेला इंटर्न त्या करारात येत नाही. त्याला पैसे मिळणे, न मिळणे, किती आणि केव्हा मिळणे हे सर्वस्वी कारखान्याच्या मर्जीवर राहते. मला महिन्याला ५,००० रुपये देण्याचे तोंडी सांगितले होते. ते मिळाले, परंतु काम संपून दोन महिने उलटल्यावर. भोसरीत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थिनीला हा उशीर किती जड जातो, याची कल्पना मनुष्यबळ विभागात कोणाला असावी असे वाटले नाही.

पहिले नऊ दिवस जवळजवळ वाया गेले. सुरक्षेची माहिती देणारे एक तासाचे सत्र झाले, ते चांगले होते. त्यानंतर मात्र मला बैठकीच्या खोलीत जुन्या पीपॅपच्या (नवा भाग मंजूर करून घेण्यासाठी ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या कागदपत्रांच्या) फायली वाचायला बसवले. ज्याने तो भाग मशिनवर बनताना पाहिलेला नाही, त्याला त्यातल्या कंट्रोल प्लॅनमधील, म्हणजे कोणते माप कसे आणि केव्हा तपासायचे याच्या तक्त्यातील, रकान्यांचा अर्थ लागत नाही. मी रोज विचारत होते आणि रोज ‘उद्या बघू’ असे उत्तर मिळत होते. सेफ्टी शूज स्वतः विकत आणावे लागले, कारण इंटर्नसाठी ते देण्याची तरतूद नव्हती. ज्या कारखान्यात शूजशिवाय शॉप फ्लोअरवर पाऊल ठेवू देत नाहीत, त्या कारखान्याने ते स्वतः पुरवायला हवेत, याबाबत माझे मत पक्के आहे.

दहाव्या दिवशी गुणवत्ता विभागाच्या एका अभियंत्याने मला शाफ्ट घासून अचूक मापाला आणणाऱ्या ग्राइंडिंग लाइनवर नेले आणि एकच काम दिले. शाफ्टच्या ज्या भागावर बेअरिंग बसते, त्याचा व्यास ४० मिलिमीटर, टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) एच ६, म्हणजे ४०.००० ते ३९.९८४ मिलिमीटर, सगळी मोकळीक १६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लाइनवर तपासलेले आणि ठीक म्हणून पुढे गेलेले काही शाफ्ट दुसऱ्या दिवशी अंतिम तपासणीत मापापेक्षा बारीक निघत होते. शाफ्ट जाड राहिला तर पुन्हा ग्राइंड करता येतो, बारीक झाला तर तो भंगारातच जातो. कारण शोधायचे होते.

मी आधी गेजवर, म्हणजे माप घेण्याच्या उपकरणावर, संशय घेतला, कारण वर्गात आम्हाला तेच शिकवलेले असते. गेजचे कॅलिब्रेशन तपासले, ते ठीक होते. मग व्हील ड्रेसिंग (ग्राइंडिंगच्या चाकाला पुन्हा धार लावणे) किती जॉबनंतर, म्हणजे किती शाफ्टनंतर, होते याची नोंद ठेवली, त्यातूनही काही हाती लागले नाही. चौथ्या दिवशी त्या मशिनवर अठरा वर्षे काम केलेले ऑपरेटर काका मला म्हणाले, “ताई, हातमोजा काढून जॉबला हात लावून बघा. सकाळी असा लागत नाही.” शाफ्ट चांगलाच कोमट होता. काकांनी पुढे सांगितले की दुपारनंतर कुलंटची (जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी तापते, आणि माल बारीक निघाल्याची तक्रार नेमकी त्याच वेळच्या मालाची येते. त्यांनी हे पूर्वीही सुपरवायझरला सांगितले होते, पण ते कोणी लिहून घेतलेले नव्हते.

पोलाद एका अंशाने तापले की एक मीटर लांबीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. ४० मिलिमीटर व्यासाला हा हिशेब लावला, तर दहा अंशांच्या फरकाने व्यास साडेचार मायक्रॉनच्या आसपास फुगतो. सोळा मायक्रॉनच्या मोकळीकीत हा चौथ्या हिश्शाहून अधिक वाटा झाला. गेज ज्या मास्टरवर (नेमके माप माहीत असलेल्या नमुन्यावर) शून्यावर लावला जात होता, तो लाइनच्या बाजूच्या टेबलावर, तुलनेने थंड असे. गरम जॉब त्याच्याशी ताडला की तो खऱ्यापेक्षा जाड दिसतो. ऑपरेटर तेवढा जास्त धातू घासून काढतो, आणि रात्रभर थंड झालेला शाफ्ट २० अंश तापमानाच्या तपासणी कक्षात खरे माप दाखवतो. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असते, हे वाक्य मी परीक्षेत दोनदा लिहिले होते. त्याचा अर्थ मला त्या कोमट शाफ्टने शिकवला.

पुढचे चार दिवस मी तीस शाफ्टची मापे घेतली, मशिनवरून उतरताच एकदा आणि मास्टरशेजारी ग्रॅनाइटच्या टेबलावर दोन तास ठेवून पुन्हा एकदा. सकाळच्या मालात फरक एक-दोन मायक्रॉनचा होता, दुपारच्या मालात चार ते पाच. त्यावरून एक साधा उपाय सुचवला गेला आणि तोही काकांचाच होता: तपासणी कक्षाने प्रमाणित केलेला त्याच मालाचा एक शाफ्ट मशिनच्या कुलंटमध्येच ठेवायचा आणि दर तासाला गेज त्याच्यावर लावायचा, म्हणजे जॉब आणि मास्टर दोघांचे तापमान जवळपास सारखे राहते. माझ्या शेवटच्या दोन आठवड्यांत त्या मशिनवरचा एकही शाफ्ट अंतिम तपासणीत बारीक निघाला नाही. दोन आठवडे हा काळ थोडा आहे, आणि अहवालातही मी तसे नमूद केले.

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात, मूळ निरीक्षण आणि उपाय ऑपरेटरचे आहेत, हे वाक्य मी लिहिले होते. ते वगळावे, अहवाल विद्यार्थिनीचा आहे, असे मला वरून सुचवण्यात आले. मी नम्रपणे नकार दिला आणि माझ्या विभागातील अभियंता माझ्या बाजूने उभे राहिले, त्यामुळे ते वाक्य राहिले. या एका गोष्टीसाठी मी त्या अभियंत्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. त्यांनी मला मिनिटॅब या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढायला लावण्याआधी हाताने नोंदी भरायला लावल्या, मायक्रोमीटर रॅचेटनेच फिरवायचा हे तीनदा सांगितले, आणि मी चुकीचा निष्कर्ष घेऊन गेले की ‘मशिनपाशी जाऊन बघितलंत का?’ एवढेच विचारले.

इतर सोयींबद्दल थोडक्यात लिहिते. कंपनीची बस नाशिक फाट्यावरून सकाळी निघते, मात्र मोशीच्या पुढे आणि चाकणच्या चौकात वाहतूक अडली की परतायला रात्रीचे आठ वाजतात. कँटीनचे जेवण साधे आणि ताजे असते. कामगार, अधिकारी आणि इंटर्न एकाच रांगेत ताट घेतात, हे मला फार आवडले. महिलांचे स्वच्छतागृह मात्र फक्त कार्यालयाच्या इमारतीत आहे. ग्राइंडिंग लाइनपासून तेथे जाऊन यायला दहा मिनिटे लागतात आणि प्रत्येक वेळी सुपरवायझरला सांगून जावे लागते. त्या शेडमध्ये मी एकटीच मुलगी होते. अडचण सांगितल्यावर सर्वजण सौजन्याने बोलले, परंतु सहा आठवड्यांत काहीही बदलले नाही. मुलींना शॉप फ्लोअरवर घ्यायचे असेल तर ही व्यवस्था आधी करायला हवी, आणि ज्या मुली येथे येतील त्यांनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा.

प्रमाणपत्र मिळायला तीन आठवडे लागले. महाविद्यालयात अहवाल सादर करण्याची मुदत त्यात संपत आली होती आणि मला दोनदा चाकणला खेटे घालावे लागले.

मी या ठिकाणाची शिफारस करते, पण एका अटीवर. रुजू होण्यापूर्वी विभाग, मार्गदर्शक आणि एक निश्चित प्रश्न यांची नावे ईमेलवर मागून घ्यावीत, विद्यावेतनाची तारीखही त्यातच लिहून घ्यावी, आणि पहिल्या आठवड्यातच मशिनपाशी उभे राहण्याची परवानगी मिळवावी. मला हे नऊ दिवस आधी मिळाले असते, तर सकाळ-दुपारचा फरक शेजारच्या दुसऱ्या मशिनवरही तपासता आला असता. ते काम राहून गेले आहे. त्या मशिनच्या नोंदींसाठी आखलेला कोरा तक्ता मी अभियंत्यांकडे ठेवून आले आहे, आणि पुढचा इंटर्न तेथूनच सुरुवात करू शकेल.