शिवडीच्या सिमेट्रीतला रविवारचा फेरफटका – साडेतीन तारे

नातीने परस्पर बुकिंग केलं म्हणून गेलो. माणशी सहाशे रुपये घेऊन कबरी दाखवतात हे कळल्यावर आमची मंडळी म्हणाली, "या वयात तिथे आगाऊ पैसे कशाला भरताय?" लालबागला सत्तर वर्षं काढली, शिवडीच्या ख्रिश्चन सिमेट्रीच्या फाटकावरून किती वेळा गेलो त्याला गणती नाही, पण आत पाऊल पडलं ते आत्ता.

आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण कुरकुर बरीच आहे. तीस माणसं, सांगणारा एक, माईक नाही. सगळं इंग्रजीत, नात कानाशी लागून मराठी करत होती. पोरगा अभ्यासू आहे, हे मात्र कबूल. कबरी येण्याआधी इथे अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती, ती भायखळ्याला गेली आणि तिचीच राणीची बाग झाली, हे त्याने छान रंगवून सांगितलं. व्हीटी स्टेशन, म्हणजे आताचं सीएसएमटी, उभारणारे स्टीव्हन्स इथेच आहेत, १९०० साली गेले. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारे जॉर्ज विटेट १९२६ साली. गेटवे म्हटल्याबरोबर सगळ्यांचे मोबाइल बाहेर. मला मात्र केईएम हॉस्पिटलची इमारतही विटेटचीच हे तिथे कळलं. माझी दोन्ही मुलं केईएममधली. हात आपसूक जोडले गेले.

मी गिरगावात छापखान्यात कंपोझिटर होतो, खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवण्यात जन्म गेला. त्यामुळे माणसं नावं वाचत होती आणि मी अक्षरं. संगमरवरावर नुसतं कोरलेलं अक्षर पावसाने झिजून साखरेच्या खड्यासारखं खरखरीत होतं. काही दगडांवर अक्षरांत शिसं ठोकून बसवलेलं. आमच्या खिळ्यांतही शिसंच! ते धरून राहावं म्हणून अक्षराच्या खाचेत बारीक भोकं पाडतात. शिसं गळून पडलं तरी भोकं राहतात, आणि ठिपके जोडत नाव लागतं. एक नाव मी असं बोटाने चाचपून वाचलं. एका दगडावर कारागिराचं एक अक्षर सुटलेलं, ते वरच्या ओळीत खूण करून बारीक घुसवलेलं. प्रुफात राहिलेली चूक! आम्ही खिळा चिमट्याने काढून बदलायचो, त्या बापड्याने काय करायचं? मोडका खांब म्हणजे आयुष्य अर्ध्यात तुटलं, जहाजाचा नांगर म्हणजे आशा, ही चिन्हं गाईडने समजावली. पण मराठी दगडांपाशी तो थांबलाच नाही. 'ख्रिस्तवासी' हा शब्द नातीने पहिल्यांदा वाचला. किती नीटस शब्द, आपल्या कैलासवासीशेजारी बसणारा.

खरा राग काका बाप्टिस्टांवरून आला. माझगावच्या माथारपाखाडीतला माणूस, टिळकांचा स्नेही, बॅरिस्टर, १९१६च्या होमरूल लीगचा पहिला अध्यक्ष. त्यांच्या कबरीला मिळालं अर्धं मिनिट. मी विचारलं तर "वेळ कमी आहे, अंकल." ज्या कबरीवर पंख पसरलेला देवदूत आहे, तिथे मात्र फोटोसाठी दहा मिनिटं मोकळी.

एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा करतो. वाटेत एक बाई कबरीवर पाणी शिंपून झेंडूच्या पाकळ्या मांडत होत्या. त्याने काही न बोलता सगळ्यांना दुसऱ्या वाटेने नेलं.

जाणार असाल तर हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनवरून चालत जाता येतं. बंद बूट घाला, गवतात दगड दिसत नाहीत. डास खूप, आणि दोन तास बसायला जागा नाही. गुडघेवाल्यांनी विचार करावा.

नात आता बेने इस्रायलींच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, कबरी बघू म्हणते. त्यांच्या दगडांवर हिब्रूखाली मराठी असतं. सांगणारा मराठीत बोलणार असेल तर या वेळी पैसे मी भरतो.