पन्नास राज्यांचा परवाना आणि ‘जवळजवळ नवं’ पिस्तूल

अमेरिकेत ग्रीन कार्डावर किंवा नागरिक म्हणून राहणारे जे मराठी वाचक स्वतःच्या रक्षणासाठी अंगावर पिस्तूल बाळगावं का, या विचारात असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वर्क व्हिसावर असलेल्यांनी तर शेवटपर्यंत वाचावं, कारण सगळ्यात मोठ्या संकटात तेच सापडले असते. मला फसवणारा माणूस बंदुकांचा दुकानदार नव्हता. तो परवान्याचे वर्ग घेणारा प्रशिक्षक होता, आणि म्हणूनच वर्गातल्या कोणालाही त्याच्या शब्दाबद्दल शंका आली नाही.

मी फार्मसीत काम करते. रात्री उशिरा कुलूप लावून पार्किंगपर्यंत एकटीनं जावं लागतं, आणि गोळ्यांसाठी फार्मसी लुटण्याचे प्रकार या देशात नवे नाहीत. घरी सगळ्यांशी बोलून मी परवाना काढायचं ठरवलं. आज निम्म्याहून जास्त राज्यांत कपड्याआड पिस्तूल बाळगायला परवाना लागतच नाही, पण आमच्या राज्यात लागतो, आणि त्यासाठी वर्ग व नेमबाजीच्या मैदानावरची, म्हणजे रेंजवरची, चाचणी पार करावी लागते. हा प्रशिक्षक बोलायला गोड, शिकवायलाही बरा. सुरक्षेचे नियम त्यानं नीट घोटून घेतले, तेवढं श्रेय त्याला देते. पण वर्ग संपता संपता त्याचा खरा धंदा सुरू व्हायचा.

“तुमचे हात लहान, तेव्हा पिस्तूलही लहानच घ्या.” हे वाक्य तो वर्गातल्या प्रत्येक बाईला ऐकवायचा. ऐकायला पटतं. प्रत्यक्षात गोळी तीच असेल तर पिस्तूल जितकं हलकं, तितका त्याचा झटका जास्त. ग्लॉक १९ हे कॉम्पॅक्ट आकारातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं पिस्तूल. त्याची नळी चार इंचांची आणि मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. २०१८ साली आलेल्या सिग पी३६५ ची नळी जेमतेम ३.१ इंच, रिकाम्या पिस्तुलाचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि तरी आत ९ एमएमच्या दहा गोळ्या बसतात. या छोट्या पिस्तुलांनी कपड्याआड बाळगण्याचा प्रश्न खूपच सोपा केला, यात वाद नाही. पण आखूड मुठीवर करंगळीला जागा मिळत नाही, नेम धरण्यासाठी असलेली पुढची आणि मागची साइट एकमेकींच्या जवळ असल्यानं नेमातली बारीकशी चूक लक्ष्यावर मोठी होते, आणि नवशिक्याचा हात दुसऱ्या गोळीपर्यंत सावरत नाही. पॉइंट ३८० ची, ९ एमएमपेक्षा कमी जोराची, गोळी सौम्य म्हणून सुचवतात, पण त्या गोळीच्या काही छोट्या पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, इतकी ताठ असते की मनगटात जोर नसलेल्या माणसाला ती मागे ओढता येत नाही. पाच गोळ्यांची हलकी आखूड रिव्हॉल्व्हर तर ‘बायकांसाठी उत्तम’ म्हणून वर्षानुवर्षं विकली जाते. तिचा चाप जड आणि झटका बोचरा. अनुभवी माणसालाही तिच्यावर हात बसवायला वेळ लागतो.

यावर उपाय साधा आहे. बहुतेक रेंजवर वेगवेगळी पिस्तुलं भाड्यानं चालवायला मिळतात. तीन-चार आकार हातात घ्यावेत, प्रत्येकातून पन्नास-एक गोळ्या झाडाव्यात, आपल्या हाताला काय झेपतं ते कागदावरच्या भोकांत दिसतं. आमचा प्रशिक्षक नेमका याच गोष्टीला नाट लावायचा. भाड्याची पिस्तुलं खराब असतात, त्यावरून काही कळत नाही, उगाच पैसे जातील, असं तो सांगायचा. का, ते मला नंतर उमगलं. त्याच्याकडे ‘स्वतःच्या संग्रहातली’ विकायला पिस्तुलं तयार असायची आणि ती सगळी एकाच छोट्या आकाराची.

मला त्यानं दाखवलेलं पिस्तूल डोळ्यांत भरण्यासारखं होतं. काळीभोर स्लाइड, कुठे ओरखडा नाही, रात्री चमकणाऱ्या साइट्स, मूळ खोका, दोन मॅगझिन, वर एक होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कंबरेला अडकवायचं म्यान. “शंभरेक गोळ्या झाडल्या असतील, जवळजवळ नवंच आहे,” म्हणाला. नव्यापेक्षा शंभर डॉलर कमी. मी त्याला सांगितलं की व्यवहार परवानाधारक डीलरमार्फत करायचा, आणि तो एका शब्दानं आडवा आला नाही. या होकारानं माझी उरलीसुरली काळजी मिटली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळांचा इथेच गैरसमज असतो. डीलरकडे आपण फॉर्म ४४७३ हा खरेदीचा केंद्रीय फॉर्म भरतो, एफबीआयच्या यंत्रणेतून आपली पार्श्वभूमी तपासली जाते, डीलर आपली फी घेतो आणि पिस्तूल हातात देतो. ही सगळी तपासणी विकत घेणाऱ्याची असते. पिस्तूल आतून कसं आहे, त्याच्याशी कोणी काय खेळ केला आहे, हे पाहणं त्या डीलरचं काम नाही. कागदपत्रं स्वच्छ झाली म्हणजे वस्तूही स्वच्छ, असा समज प्रशिक्षकानं मुद्दाम होऊ दिला. डीलरच्या टेबलावर माझ्या देखत त्यानं पावती लिहिली, आणि तिच्यावर ‘आहे त्या स्थितीत’ असे शब्द घातले. हे तीन शब्द पुढे त्यानं ढालीसारखे वापरले.

रेंजवर पहिल्याच मॅगझिनला चाप दाबल्यावर नुसता टक् असा आवाज आला. गोळी सुटली नाही. नियमाप्रमाणे पिस्तूल लक्ष्याकडेच धरून थांबले, मग गोळी बाहेर काढली. तिच्या बुडाशी जी ठिणगीची टोपी असते, त्या प्रायमरवर पिस्तुलातल्या पिनेचा अगदी पुसट ठसा होता. हीच पिन आपटून गोळी पेटते. पुढे पुन्हा तेच, मधूनमधून. कधी स्लाइड पूर्ण पुढे यायचीच नाही, अंगठ्यानं ढकलावी लागायची. मी विचारलं तर प्रशिक्षक म्हणाला, गोळ्या स्वस्तातल्या असतील, मनगट ढिलं धरत असाल, नवीन पिस्तूल रुळायला वेळ लागतो. सैल मनगटानं छोटं पिस्तूल अडकतं हे खरंच आहे. म्हणून तर ही थाप खपते, तिच्यात सत्याचा अंश असतो. पण सैल मनगटानं पुढची गोळी अडकते. पिनेचा ठसा त्यानं पुसट होत नाही.

शेवटी दुसऱ्या गावातल्या एका गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, ते नेलं. म्हातारा, मितभाषी माणूस. त्यानं माझ्यासमोर पिस्तूल उघडलं आणि एकेक भाग कापडावर मांडत गेला. पिनेमागची मूळ स्प्रिंग काढून तिच्या जागी कमजोर स्प्रिंग घातलेली होती. असं केलं की चाप हलका आणि मुलायम लागतो, दुकानात हातात घेणाऱ्याला ‘वा’ वाटतं, आणि त्याच कमजोरीमुळे पिनेचा मार हलका पडतो. स्लाइडवरचा काळाभोर रंग नंतर चढवलेला होता. रंगाखाली कडा झिजून गोल झालेल्या, नळीवर घासल्याच्या खोल खुणा. स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग पार थकलेली. छोट्या पिस्तुलात स्लाइडला मागे यायला जागा कमी असते, त्यामुळे ती स्प्रिंग ताठ घालावी लागते आणि मोठ्या पिस्तुलापेक्षा लवकर दमते. ती वेळेवर बदलायची असते, आणि ही कधीच बदललेली नव्हती. एक मॅगझिन कंपनीचं नव्हतंच, वरचा शिक्का नकली होता.

रात्री चमकणाऱ्या साइट्सनी तर सगळंच उघड केलं. त्यांच्यात ट्रिटियम नावाचा किरणोत्सर्गी वायू भरलेला असतो आणि साधारण १२ वर्षांत तो निम्मा होतो. जितकं वय जास्त, तितका उजेड मंद. काही साइट्सवर तर उत्पादनाचं वर्षच कोरलेलं असतं. माझ्या साइट्सवर ते होतं, आणि ते ‘जवळजवळ नव्या’ पिस्तुलाला मुळीच शोभणारं नव्हतं. मग गनस्मिथनं खोक्याचं लेबल वाचलं. खोक्यावरचा सिरियल नंबर वेगळा आणि पिस्तुलावरचा वेगळा. खोका दुसऱ्याच कोणत्या तरी पिस्तुलाचा होता.

हे सगळं पैशापुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. आत, पिस्तूल खाली पडल्यावर आपोआप उडू नये म्हणून जो अडसर असतो, त्याची कडाही घासलेली निघाली. चाप आणखी मऊ करण्याच्या नादात कोणीतरी कानस चालवली होती. आणि सोबतचं होल्स्टर कापडी, ‘सगळ्यांना बसणारं’. कंबरेला लावायचं होल्स्टर त्या त्या पिस्तुलाच्या मापाचं, चाप पूर्ण झाकणारं आणि दाबलं तरी न चेपणारं हवं. मऊ कापडाची घडी चापापाशी सरकली आणि आपण वरून पिस्तूल आत ढकललं, तर काय होईल ते सांगायला नको. हा माणूस हे वर्गात शिकवत होता. त्याला माहीत होतं. माहीत असून त्यानं ते माझ्या कंबरेला लावायला दिलं, याचा राग अजून गेलेला नाही.

पिस्तुलावर त्याचं भागलं नव्हतं. परवान्याच्या वर्गासोबत तो जास्तीची फी घेऊन एक ‘राष्ट्रीय’ प्रमाणपत्र द्यायचा. सोनेरी शिक्का, गरुडाचं चित्र, आणि पन्नासही राज्यांत चालेल असं तोंडी आश्वासन. असा परवाना सामान्य नागरिकासाठी अस्तित्वातच नाही. एका राज्याचा परवाना दुसरं राज्य मानेल की नाही, हे ते दुसरं राज्य ठरवतं. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया बाहेरच्या राज्यांचे परवाने मानत नाहीत. २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालानं परवाना देण्याच्या अटी सैल करायला लावल्या, पण परक्या राज्याचा परवाना मानलाच पाहिजे असं काही सांगितलं नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना आणि पिस्तूल घेऊन न्यू जर्सीत शिरली. गाडी अडवल्यावर तिनं स्वतःहून पोलिसांना पिस्तुलाबद्दल सांगितलं, आणि तिला अटक झाली. समोर काही वर्षांची सक्तीची कैद होती. पुढे खटल्याऐवजी तिला देखरेखीच्या कार्यक्रमात घेतलं, म्हणून कैद टळली, आणि २०१५ मध्ये गव्हर्नरांनी तिला माफी दिली. आमच्या वर्गातल्या एका जोडप्यानं हेच सोनेरी प्रमाणपत्र घेऊन न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडे गाडीनं जायचं ठरवलं होतं.

आता व्हिसाचं. माझ्यासोबत काम करणारी एक मुलगी एच-१बी या वर्क व्हिसावर आहे. तिलाही त्यानं वर्गात घेतलं, पूर्ण फी घेतली, आणि तिनं दोनदा विचारूनही व्हिसाचा काही अडसर नाही असं ठासून सांगितलं. केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला पिस्तूलच काय, गोळ्याही जवळ बाळगता येत नाहीत. वैध शिकार-परवान्यासारखे काही अपवाद कायद्यात आहेत, पण ते वकिलाच्या लेखी सल्ल्याशिवाय कोणी गृहीत धरू नयेत. या गुन्ह्यात सापडलं तर तुरुंग तर आहेच, या देशात राहणंही संपू शकतं.

ही अडचण तिनं त्याच्यासमोर ठेवली, तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मग तुम्ही तुमच्या नावावर घ्या आणि हिला भेट द्या. भेट कायदेशीर असते.” नवऱ्यानं बायकोला पिस्तूल भेट देणं कायदेशीर असू शकतं. पण ज्याला बाळगण्याचीच मनाई आहे त्याला, तेही त्याच्याच पैशातून, घेऊन देणं हा गुन्हा आहे. फॉर्म ४४७३ वर थेट विचारलेलं असतं की खरे खरेदीदार तुम्हीच आहात का. २०२२ च्या कायद्यानं दुसऱ्यासाठी अशी खरेदी करण्याला १५ वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली आहे. ती मुलगी मला हळूच म्हणाली, “ताई, नको, मी आधी वकिलाला विचारते.” तिच्या त्या सावधपणानं आम्ही दोघी वाचलो.

पैसे परत मागितले तेव्हा त्यानं पावतीवरचे ते तीन शब्द दाखवले. ‘आहे त्या स्थितीत’ लिहिलं म्हणून खोटं सांगून विकण्याची मुभा मिळत नाही, हे मला वकिलानं सांगितलं. सुदैवानं ‘शंभरेक गोळ्या’ आणि ‘सगळं मूळ’ हे त्यानं मेसेजवर लिहून पाठवलेलं होतं. गनस्मिथकडून फोटोंसकट लेखी अहवाल घेतला, छोट्या दाव्यांच्या न्यायालयात अर्ज केला, आणि प्रशिक्षकांना मान्यता देणाऱ्या राज्याच्या कार्यालयाकडे त्या सोनेरी प्रमाणपत्राची प्रत पाठवली. दुसऱ्या अर्जाचा परिणाम आधी दिसला. सुनावणीपूर्वीच त्यानं पिस्तुलाची बरीचशी रक्कम परत केली. वर्गाची फी कोणालाच मिळाली नाही. ते पिस्तूल मी त्याला परत दिलं नाही, तो पुन्हा ते कोणाच्या तरी गळ्यात मारणार हे दिसत होतं. बिघाड लेखी नोंदवून ते गनस्मिथकडेच मोडीत काढायला दिलं.

त्यानंतर मी भाड्यानं बरीच पिस्तुलं चालवली. माझ्या ‘लहान’ हातांना शेवटी चार इंच नळीचं कॉम्पॅक्ट पिस्तूलच सगळ्यात सोयीचं वाटलं. कुर्त्याखाली ते थोडं जाणवतं, पण नेम माझ्या ताब्यात राहतो. नव्या दुकानातून, सीलबंद खोक्यातून, खोक्यावरचा नंबर पिस्तुलाशी ताडून घेतलं.

वापरलेलं घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला सरळ सांगा की पैसे देण्याआधी गनस्मिथला दाखवणार. जो याला तयार होत नाही त्याच्याशी पुढे बोलू नका. चोरीच्या शस्त्रांची केंद्रीय यादी सामान्य माणसाला पाहता येत नाही, पण अनेक ठिकाणी पोलीस ठाण्यात विनंती केली तर ते नंबर तपासून देतात. प्रशिक्षकाचं नाव राज्याच्या अधिकृत यादीत आहे का, ते फी भरण्याआधी पाहा. आमच्या त्या गृहस्थाचं नाव आमच्या राज्याच्या यादीतून निघालं आहे. पण शेजारच्या राज्यात, जिथे परवान्यासाठी वर्गाची सक्ती नाही, तिथे तो अजून ‘महिलांसाठी खास’ वर्ग घेतो, आणि वर्गानंतर पिस्तुलं दाखवतो.