सहा मैदानं रेल्वेनं की पाच मैदानं गाडीनं? बेसबॉलसाठी पूर्व किनारा आणि कॅलिफोर्निया

मेजर लीग बेसबॉलचे ३० संघ आहेत. टोरोंटोचा एक सोडला तर बाकी सगळे अमेरिकेत, आणि तेही चारी दिशांना विखुरलेले. आठ-दहा दिवसांची सुट्टी असेल तर कुठला तरी एकच पट्टा धरावा लागतो. कमी दिवसांत जास्त मैदानं पदरात पडावीत असे पट्टे मुख्यतः दोन. पहिला बोस्टन ते वॉशिंग्टन: फेनवे पार्क (बोस्टन), यांकी स्टेडियम आणि सिटी फील्ड (न्यू यॉर्क), सिटिझन्स बँक पार्क (फिलाडेल्फिया), कॅम्डेन यार्ड्स (बाल्टिमोर) आणि नॅशनल्स पार्क (वॉशिंग्टन) अशी सहा मैदानं. दुसरा सॅन डिएगो ते सॅक्रामेंटो: पेटको पार्क (सॅन डिएगो), एंजल स्टेडियम (अ‍ॅनाहाइम), डॉजर स्टेडियम (लॉस एंजेलिस), ओरॅकल पार्क (सॅन फ्रान्सिस्को) आणि अ‍ॅथलेटिक्स संघाचं सध्याचं तात्पुरतं घर अशी पाच.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. गाडी चालवायची नसेल आणि जास्तीत जास्त मैदानं बघायची असतील, तर पूर्व किनारा. भारतातून आलेले आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील आणि काढलेलं तिकीट वाया जाता कामा नये असं असेल, तर कॅलिफोर्निया. पण अख्खं नव्हे, फक्त दक्षिणेकडचं. असं का, ते अंतरं बघितली की कळतं.

अंतर आणि गाड्या

बोस्टन ते वॉशिंग्टन हा लोहमार्ग ४५७ मैलांचा, म्हणजे सुमारे ७३५ किलोमीटर. अ‍ॅमट्रॅकच्या साध्या नॉर्थईस्ट रीजनल गाडीनं बोस्टन ते न्यू यॉर्क चार तासांच्या आसपास लागतात. न्यू यॉर्क ते फिलाडेल्फिया दीड तास, तिथून बाल्टिमोर सव्वा तास आणि पुढे वॉशिंग्टन जेमतेम पाऊण तास. अ‍ॅसेला ही त्यांचीच महागडी गाडी जलद आहे, पण न्यू यॉर्कच्या दक्षिणेला वाचणाऱ्या मिनिटांसाठी तेवढे पैसे मोजण्यात अर्थ नाही. भाडं तारीख जवळ येईल तसं चढतं, म्हणून रेल्वेची तिकिटं लवकर काढावीत. सामन्याच्या तिकिटांचं बऱ्याचदा उलटं असतं: पुनर्विक्रीच्या अ‍ॅपवर मधल्या वारच्या सामन्याचे भाव शेवटच्या दिवशी उतरतात.

स्टेशनापासून मैदानापर्यंतचा टप्पाही पूर्वेला सोपा आहे. फेनवेसाठी ग्रीन लाइनचं केनमोर स्टेशन. यांकी स्टेडियमसाठी चार नंबरची सबवे धरावी. डी गाडी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी गर्दीच्या दिशेनं जाताना १६१ स्ट्रीटला थांबत नाही आणि नवखा माणूस पुढच्या स्टेशनात जाऊन पडतो. सिटी फील्डला सात नंबरची सबवे थेट दारात सोडते. वाटेत ७४ स्ट्रीटला जॅक्सन हाइट्स लागतं, देशी जेवणाचा तिथं तोटा नाही. मात्र सात नंबरची जलद गाडी त्या स्टेशनावर थांबत नाही, धिमीच पकडायची. फिलाडेल्फियात ब्रॉड स्ट्रीट लाइननं दक्षिणेचं शेवटचं स्टेशन गाठायचं. वॉशिंग्टनमध्ये ग्रीन लाइनचं नेव्ही यार्ड.

कॅलिफोर्नियाचा नकाशा वेगळाच आहे. सॅन डिएगो, अ‍ॅनाहाइम आणि लॉस एंजेलिस ही तीन शहरं पॅसिफिक सर्फलायनर या एकाच गाडीवर आहेत; पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सुमारे २०५ किलोमीटर, तीन तास. पण लॉस एंजेलिसच्या पुढे सॅन फ्रान्सिस्को सहाशे किलोमीटर. गाडीनं सहा तास, आणि रेल्वेनं अख्खा दिवस. तीही खाडीच्या अलीकडे ओकलंडच्या बाजूलाच सोडते. त्यामुळे उत्तरेकडच्या दोन मैदानांसाठी विमान किंवा भाड्याची गाडी आलीच, आणि एका शहरात घेतलेली गाडी दुसऱ्यात सोडली तर वेगळा आकार पडू शकतो. सर्फलायनरलाही एक खोड आहे. सॅन क्लेमेंटेजवळ रूळ समुद्र आणि खचत्या कड्याच्या मधून जातात, आणि २०२२ नंतर तिथं दरडींमुळे वाहतूक अनेकदा बंद पडली आहे. निघायच्या आठवड्यात हे तपासावं.

वेळापत्रकाचं गणित

बहुतेकांची फजिती इथं होते. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर; पण ते सलग आठवडाभर घरी आणि मग सलग आठवडाभर बाहेर अशा तुकड्यांनी. शेजारच्या दोन संघांपैकी एक घरी असला की दुसरा बहुधा दौऱ्यावर असतो. न्यू यॉर्कचे यांकीज आणि मेट्स, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन, डॉजर्स आणि एंजल्स: या जोड्या एकाच दिवशी घरी सापडणं ही गाठ शोधावी लागते. म्हणून आधी विमान आणि मग सामने असं करू नये. क्रम असा ठेवावा:

१. पट्ट्यातल्या सगळ्या संघांचं वेळापत्रक एका कागदावर तारखांखाली मांडा आणि फक्त घरच्या सामन्यांवर खूण करा.
२. जे मैदान चुकवायचंच नाही (पूर्वेला बहुधा फेनवे, पश्चिमेला डॉजर स्टेडियम) ते आधी पक्कं करा आणि बाकीची त्याच्या मागे-पुढे बसवा.
३. सोमवार आणि गुरुवार बऱ्याच संघांना सुट्टी असते. लांबचा प्रवास त्या दिवशी टाका.
४. बुधवार-गुरुवारी दुपारचा सामना दिसला तर तो सोडू नका. त्या दिवशी संघ दुसऱ्या गावी निघणार असतो. तुम्हालाही संध्याकाळी पुढच्या शहरात पोचता येतं.

रविवारचं तिकीट काढताना सावध राहा. दुपारचे सामने टीव्हीसाठी संध्याकाळी ढकलले जातात आणि ते काही आठवडेच आधी ठरतं. अशा दिवशी परत न होणारं रेल्वेचं तिकीट काढून बसलात तर एकावर पाणी सोडावं लागतं. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी तीन-चार दिवस लीगचे सामनेच नसतात. त्या आठवड्यात सहल आखणारे दरवर्षी निघतात.

२०२३ पासून चेंडू टाकायला घड्याळ लावल्यामुळे नऊ इनिंगचा सामना (दोन्ही संघांनी एकेकदा बॅटिंग केली की एक इनिंग) साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटपतो. सात वाजता सुरू झालेला सामना पावणेदहाच्या सुमारास सुटेल असं धरायला हरकत नाही. परतीची गाडी या वेळेवरूनच ठरते, आणि इथं दोन्ही पट्टे सारखेच दगा देतात. बाल्टिमोरच्या मैदानाला लागूनच मार्क या लोकल रेल्वेचं कॅम्डेन स्टेशन आहे, पण ती लाइन फक्त सोमवार ते शुक्रवार चालते आणि रात्रीच्या सामन्यानंतर उपयोगाची नाही. वॉशिंग्टनला परतायचं तर पेन स्टेशन गाठावं लागतं. फिलाडेल्फियाहून रात्री न्यू जर्सीतल्या एडिसनकडे परतणाऱ्यांनी ट्रेंटनपर्यंतची सेप्टाची लोकल आणि तिथून पुढची एनजे ट्रान्झिटची लोकल, दोन्ही शेवटच्या गाड्यांच्या वेळा आधीच बघाव्यात. त्यापेक्षा शनिवार-रविवारचा दुपारचा सामना बरा. सॅन डिएगोच्या रात्रीच्या सामन्यानंतर लॉस एंजेलिसची गाडी मिळेल असं गृहीत धरूच नका. तिथं मुक्काम करा.

पाऊस

क्रिकेट बघणाऱ्याला हे समजून घ्यावं लागतं, कारण इथं षटकं कमी करून निकाल लावायची सोय नाही. पाऊस आला की मैदानावर ताडपत्री पडते आणि लोक बसून राहतात, कधी अर्धा तास, कधी अडीच तास. पाच इनिंग झाल्यावर खेळ थांबवला तर सामना पूर्ण झाला असं धरतात आणि तुमचं तिकीटही वसूल. सुरूच झाला नाही तर तो पुढच्या कुठल्या तरी तारखेला होतो आणि तिकीट त्या तारखेला चालतं. बोस्टनच्या माणसाला ठीक आहे. पुण्याहून किंवा टेक्ससहून आलेल्याला त्याचा काय उपयोग?

पूर्वेला एप्रिल-मेमध्ये थंड पाऊस आणि जून ते ऑगस्ट संध्याकाळच्या गडगडाटी सरी, म्हणजे हा धोका कायमच. उपाय दोन: ज्या मैदानासाठी मुख्यतः चाललात तिथं सलग दोन दिवस ठेवा, आणि सहाच्या सहा मैदानं आठ दिवसांत कोंबू नका. डॉजर स्टेडियमवर पावसानं सामना रद्द होणं ही बातमी होते, इतकं ते विरळा.

मैदानं

फेनवे १९१२ चं आहे, लीगमधलं सर्वांत जुनं. डाव्या बाजूची हिरवी भिंत ३७ फूट उंच, तिच्यात हातानं आकडे बदलायचा धावफलक. पण जुन्या मैदानाची किंमत खुर्चीत बसल्यावर कळते. छताखालच्या ग्रँडस्टँडमधल्या निळ्या लाकडी खुर्च्या अरुंद, गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकतात आणि छत पेलणारे लोखंडी खांब काही खुर्च्यांसमोर थेट उभे राहतात; खांब नेमका पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटरच्या मध्ये आला तर तीन तास मान वाकडी करून बसावं लागतं. तिकिटावर दृश्य अडलेलं असल्याची नोंद असते, पण पुनर्विक्रीच्या अ‍ॅपवर ती खाली बारीक अक्षरांत असते. १ ते ७ या विभागांतल्या खुर्च्यांचं तोंड होम प्लेटकडे (बॅटर उभा राहतो त्या जागेकडे) नसून मैदानाच्या मध्याकडे आहे, तेही टाळा. बजेट कमी असेल तर ब्लीचर्स, म्हणजे उघड्यावरच्या स्वस्त जागा, बऱ्या, फक्त संध्याकाळच्या सामन्यात पहिला तासभर ऊन डोळ्यांवर येतं. तिथल्या ४२ व्या विभागात हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल आहे: १९४६ मध्ये बोस्टनच्या टेड विल्यम्सचा ५०२ फुटांवरचा फटका तिथं पडला होता.

कॅम्डेन यार्ड्स १९९२ चं, आणि पूर्वेच्या पट्ट्यात पैशाला सर्वांत जागणारं हेच. शहराच्या मध्यात, विटांचं, जुन्या रेल्वे गोदामाला खेटून. पुढच्या कितीतरी मैदानांनी याचाच कित्ता गिरवला. गोदाम आणि मैदानामधल्या युटॉ स्ट्रीटवर होमरन (मैदानाबाहेर मारलेले फटके) जिथं पडले तिथं जमिनीत पितळी चकत्या बसवल्या आहेत. दार उघडताच, साधारण दीड तास आधी, जा आणि त्या बघून घ्या. बेसबॉलमधला सर्वांत गाजलेला खेळाडू बेब रूथ याचं जन्मघर इथून चालत काही मिनिटांवर आहे.

यांकी स्टेडियम आणि सिटी फील्ड दोन्ही २००९ ची. एकच जमणार असेल तर सिटी फील्ड: रांगा सुसह्य आणि खाणं चांगलं. यांकीजचा इतिहास मोठा, पण तो घडला रस्त्यापलीकडच्या पाडलेल्या मैदानात. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक लीगमधले सर्वांत गलबलाट करणारे. नॅशनल्स पार्क नीटनेटकं आहे, बस.

पश्चिमेला डॉजर स्टेडियम, १९६२ चं, ५६,००० क्षमतेचं, लीगमधलं सर्वांत मोठं. टेकडीच्या उतारात कोरल्यासारखं असल्यामुळे प्रत्येक मजल्याचं दार बाहेरच्या त्या-त्या पातळीवरच्या पार्किंगमधून उघडतं. चुकीच्या बाजूला गाडी लावली की चढ चढत अर्धी फेरी मारावी लागते. वरच्या मजल्याची तिकिटं स्वस्त आणि समोर सॅन गॅब्रिएलचे डोंगर. इथं महाग खुर्चीचा हट्ट धरू नका. गाडी घेऊनही जाऊ नका. युनियन स्टेशनवरून सामन्याचं तिकीट दाखवलं की फुकट बस मिळते आणि तिला वेगळी मार्गिका असते. पार्किंगमधून बाहेर पडायला मात्र सहज पाऊण तास जातो. जपानी खेळाडू शोहेई ओहतानी २०२४ मध्ये आला आणि त्या वर्षी व पुढच्याही वर्षी संघ विजेता ठरला, त्यामुळे तिकिटांचे भाव चढेच राहतात.

पेटको पार्क हे आई-वडिलांसाठी सर्वांत सोयीचं: हवा सौम्य, ट्रॉली (शहरातली ट्राम) दारात. १९०९ ची विटांची जुनी इमारत मैदानातच सामावून घेतली आहे आणि तिचा कोपरा हाच डाव्या बाजूचा फाउल पोल, म्हणजे खेळाची हद्द दाखवणारा खांब. एंजल स्टेडियमला अ‍ॅनाहाइम स्टेशनावरून चालत जाता येतं. तिकिटं स्वस्त, डिस्नेलँड जवळ.

ओरॅकल पार्क देखणं आहे. उजवी भिंत फक्त ३०९ फुटांवर आणि पलीकडे खाडी. सनीव्हेल, सॅन होजे भागात राहणाऱ्यांना कॅलट्रेन शेवटच्या स्टेशनाला सोडते, तिथून चालत पाच-दहा मिनिटं. तिकीट नसेल तर खाडीकाठच्या पायवाटेवर जाळीतून थोडा वेळ फुकट बघता येतं. जुलैतही रात्री जाडसर जॅकेट लागतं.

बॅग, जेवण, सावली

बॅगेचे नियम प्रत्येक मैदानाचे वेगळे. डॉजर स्टेडियम आणि पेटकोला पारदर्शक बॅग लागते, कमाल १२ x १२ x ६ इंच; नॅशनल्स पार्कला पाठीवरची सॅक चालत नाही. रेल्वेतून उतरून थेट सामान घेऊन मैदानावर गेलात तर परतच फिरावं लागेल, तेव्हा सामान हॉटेलात किंवा स्टेशनच्या लगेज रूममध्ये ठेवा. शाकाहाऱ्यांना आत पिझ्झा, नाचोज, फ्राइज यांपलीकडे फारसं नसतं. कॅम्डेन यार्ड्स आणि डॉजर स्टेडियमला पारदर्शक पिशवीतून घरचं खाणं नेता येतं, पोळीचा रोल उत्तम. रोख पैसे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. तिकीट फोनवरच असतं, स्क्रीनशॉट चालत नाही. दाराशी नेटवर्क गर्दीनं बसतं, म्हणून ते आधीच वॉलेटमध्ये उतरवून ठेवा.

दुपारच्या सामन्याला बहुतेक मैदानांत होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला (होम प्लेटमागून बघताना डावीकडे) आधी सावली येते. आजी-आजोबा बरोबर असतील तर तिथली, छताखालची मागची रांग घ्या.

राहिलं अ‍ॅथलेटिक्सचं मैदान. ओकलंड सोडून हा संघ २०२५ पासून वेस्ट सॅक्रामेंटोच्या सटर हेल्थ पार्कवर खेळतो. २०२८ मध्ये लास वेगासला जायचा बेत आहे. हे मुळात खालच्या लीगचं मैदान, जेमतेम १४,००० लोकांचं, आणि उन्हाळ्यात इथं पारा चाळिशीला टेकतो. मेजर लीगचा खेळ इतक्या जवळून बघायला दुसरीकडे मिळत नाही, पण ३० मैदानांची यादी पुरी करायची नसेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढू नका. काढलाच तर रात्रीचा सामना घ्या आणि मुक्काम सॅक्रामेंटोतच ठेवा.