‘ह्यूमन’ आधी की ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’?

डेथ या डेथ मेटल बँडचे सुरुवातीचे अल्बम ऐकून झालेत, आता पुढे कशाला हात घालू, असा प्रश्न पडला की गाडी बहुतेक या दोघांपाशी येऊन थांबते. ‘ह्यूमन’ १९९१ चा, ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’ १९९३ चा. दोन्हीकडे गाणी आणि आवाज चक शुल्डिनरचा, बेस गिटारवर स्टीव्ह डिजॉर्जिओ, रेकॉर्डिंग टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओतलं. बदलले फक्त ड्रमर आणि दुसरा गिटारवाला. तरी पाठोपाठ लावले की दोन वेगळे बँड वाटतात.

खरं तर डेथच्या सात स्टुडिओ अल्बमांत वादकांचा तोच संच दोनदा आलेलाच नाही. १९९० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर जायला चकने ऐनवेळी नकार दिला आणि बाकीचे त्याच्याशिवाय, डेथ याच नावाने वाजवून आले. त्यानंतर त्याने कायमस्वरूपी बँडचा नाद सोडला. हवी ती माणसं बोलवायची आणि अल्बम करायचा. ‘ह्यूमन’ हा त्या पद्धतीचा पहिला अल्बम.

त्यासाठी सिनिक या बँडमधून ड्रमर शॉन राइनर्ट आणि गिटारवाला पॉल मासव्हिडाल आले. दोघंही तेव्हा जेमतेम विशीतले, जॅझची ओढ असलेले. पहिल्याच गाण्यात राइनर्टचे ड्रम्स लांबून जवळ येत जातात आणि मग रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, अंगावर येते. ती सुरुवात इतक्या वर्षांनीही मला खुर्चीत सरळ बसवते. त्याच्या सिंबलवरच्या बारीक कामामुळे जड रिफही हलकी होऊन पळते. पूर्ण अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा आणि त्यात काढून टाकावं असं काहीच नाही. ‘लेप्रसी’ या आधीच्या अल्बमचा जडपणा तुम्हाला सोडवत नसेल, तर इथे तो शिल्लक आहे, हेही ध्यानात घ्या.

माझी अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे. मी बेस वाजवतो. कॉलेजच्या बँडसाठी ‘ह्यूमन’मधल्या ‘सुइसाइड मशीन’ची बेसलाइन उतरवून घ्यायची होती. हेडफोन लावून, बेस मांडीवर घेऊन एका रविवारी बसलो. पंधरा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा मागे नेत होतो. खालचा आवाज वाढवला तर डबल किक (दोन्ही पायांनी वाजवायचे मोठे ड्रम) घुमायला लागायची, मधला वाढवला तर गिटार. बेस कुठेच नाही! दिवेलागणीपर्यंत वहीत जे सुर लिहिले होते ते सगळे गिटारचे होते. तो माणूस तिथे वाजवतोय, मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र करताना, मात्र भिंतीपलीकडे बसवलाय. डिजॉर्जिओसारखा वादक हाताशी असताना असं व्हावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात मित्राने ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’ दिला. इथे डिजॉर्जिओच्या हातात फ्रेटलेस, म्हणजे मानेवर धातूच्या पट्ट्या (फ्रेट) नसलेला, बेस आहे. फ्रेट नसल्याने एका सुरावरून दुसऱ्यावर तो घसरत जातो, आपल्याकडे मींड म्हणतात तसा. आणि ते ऐकू येतं! ‘ट्रॅप्ड इन अ कॉर्नर’मध्ये गिटार एक सांगत असते, खालून बेस तिला वेगळंच उत्तर देत असतो. दोन दिवसांत मी त्या गाण्याचा अर्धा भाग उतरवून घेतला. बरोबर होताच असं नाही, पण निदान काय चुकतंय ते कळत होतं.

ड्रम्सवर डार्क एंजल या बँडचा जीन होगलन. राइनर्ट वाहतो, होगलन घाव घालतो. लोक त्याला ‘अॅटॉमिक क्लॉक’, म्हणजे अणुघड्याळ, म्हणतात ते उगीच नाही. या दोघांत मी निवड करणार नाही, ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे. किंग डायमंड या बँडचा गिटारवाला अँडी लारॉक सोलो घेऊन आला, आणि ‘ट्रॅप्ड इन अ कॉर्नर’मधला त्याचा सोलो मला तर तोंडपाठ आहे. उणं काढायचं तर गिटारचा आवाज थोडा कोरडा, बारीक आहे. चकचा आवाजही वरच्या पट्टीत गेलाय. पहिल्यांदा ऐकताना काहींना त्यात वजन कमी वाटेल, आणि ते अगदीच खोटं नाही.

आता ‘ह्यूमन’वर अन्याय नको. २०११ च्या आवृत्तीसाठी त्याचं नव्याने मिक्सिंग झालं आणि बेस बराच वर आला. तीच आवृत्ती मिळत असेल तर माझी निम्मी तक्रार मिटते. पण उरलेली निम्मी राहते. ‘ह्यूमन’मध्ये बेस नंतर दिसू लागला, ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’मध्ये गाण्याची रचनाच त्याला धरून झाल्यासारखी वाटते. निदान माझ्या कानांना तरी.

ड्रमर असाल किंवा नुसता जोर हवा असेल, तर खुशाल ‘ह्यूमन’पासून सुरू करा. नाहीतर आधी १९९३ चा घ्या, आणि पहिल्याच बैठकीत शेवटचं ‘द फिलॉसॉफर’ पूर्ण ऐका. गाणं विरत जाताना आवाज वाढवत न्या. तिथे अगदी शेवटपर्यंत बेस बोलत राहतो.