एनएफडंप: दोन कंपन्यांचे राउटर, कलेक्टर एकच

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात एक राउटर नेटवर्कवरच्या रहदारीच्या नोंदी नेटफ्लो व्ही९ फॉरमॅटमध्ये पाठवतो, दुसऱ्या कंपनीचा आयपीफिक्स फॉरमॅटमध्ये, आणि दोन्ही एनएफडंप या नोंदी गोळा करून वाचणाऱ्या टूलमध्ये नीट उतरतात, फुकटच्या टूलकडून अजून काय पाहिजे! फक्त यूडीपीवर (पोचपावतीशिवाय डेटा पाठवण्याची पद्धत) टेम्प्लेट, म्हणजे नोंदीत कोणतं फील्ड कुठे ते सांगणारा साचा, आल्याशिवाय डेटा वाचता येत नाही, त्यामुळे कलेक्टरच्या रीस्टार्टनंतर थोडा वेळ आकडे गायब, घाबरू नका, राउटरवर टेम्प्लेट टाइमआउट (टेम्प्लेट पुन्हा पाठवण्यातलं अंतर) कमी करा. खरी डोकेदुखी सॅम्पलिंगची, म्हणजे सगळी पॅकेट्स न मोजता ठरावीक प्रमाणातच मोजण्याची. एका राउटरने (नाव नको) १:१००० चा दर (हजारात एक पॅकेट) ऑप्शन टेम्प्लेटमधून (ज्यातून राउटर स्वतःच्या सेटिंग्ज कळवतो) पाठवलाच नाही, मग १ जीबीचा बॅकअप १ एमबीच्या आसपास दिसणार नाहीतर काय, शेवटी एनएफकॅपडीला (एनएफडंपचा नोंदी गोळा करणारा प्रोग्राम) दर हाताने द्यावा लागला. ग्राफबिफ विसरा, सगळं कमांड लाइनवर. एसफ्लोसाठी (रहदारी कळवण्याची आणखी एक पद्धत) मात्र एसएफकॅपडी हा प्रोग्राम वेगळा चालवावा लागतो, हे जरा कटकटीचंच.