जिम्नी, एक पावसाळा आणि भावोजींची ऑल-व्हील ड्राइव्ह

भर पावसात घाट चढायला मला माझ्या फोर-व्हील ड्राइव्ह मारुती जिम्नीपेक्षा भावोजींची ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही जास्त आवडते. तरी उद्या गाडी बदलायची वेळ आली तर मी पुन्हा फोर-व्हील ड्राइव्हच घेईन. दोन्ही खरं आहे.

आम्ही राहतो कोल्हापुरात आणि कलमांची बाग राजापूर तालुक्यात, पाचलच्या पुढे. बाजारभोगाव, अणुस्कुरा घाट, पाचल इथपर्यंत डांबर. त्यानंतर जांभ्याच्या मातीचा कच्चा रस्ता, मध्ये एक वहाळ आणि शेवटी बागेत जाणारी चढण. पाच दरवाजांची मॅन्युअल जिम्नी घेतली ती आंब्याच्या हंगामाआधी. हंगाम आणि अख्खा पावसाळा तिने काढला. भावोजींच्या गाडीचं नाव घेत नाही, मुद्दा कंपनीचा नाही, जातीचा आहे.

जिम्नीत गिअरच्या दांड्यालगत दुसरा छोटा दांडा आहे: टू-एच, फोर-एच, फोर-एल. टू-एचमध्ये फक्त मागची चाकं ओढतात. फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक चाकं थोडी घसरून भागवतात, कोरड्या डांबरावर भागवायला जागाच नसते. बागेतून आल्यावर फोर-एच तसंच ठेवून काँक्रीटच्या अंगणात पूर्ण स्टिअरिंग वळवून बघा. स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात, गाडीला कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं. दांडा टू-एचला ओढला तरी कधी कधी लगेच सुटत नाही. सरळ रेषेत थोडं मागेपुढे केलं की खट्कन सुटतो. हा बिघाड नव्हे, या रचनेचा स्वभावच आहे.

भावोजींच्या गाडीत दांडा नाही, एक गोल बटण आहे. एरवी पुढची चाकं चालतात. ती घसरू लागली की मागच्या ॲक्सलजवळचा क्लच (पायाखालच्या क्लचपेक्षा वेगळा) आपोआप आवळला जातो आणि ताकद मागेही जाते. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, आणि घाटात मला नेमकं हेच आवडतं. अणुस्कुऱ्यात जुलैमध्ये एका वळणावर रस्ता कोरडा, पुढच्यावर दरडीची लाल माती वाहून आलेली, त्याच्या पुढे धुकं. अशा रस्त्यावर मी फोर-एच कधी टाकू आणि कधी काढू? चालत्या गाडीत, ताशी १०० किमीच्या आत, ते टाकता येतं हे खरं. पण घसरण आधी ओळखायची जबाबदारी माझी. ओळखली नाही तर त्या क्षणी मी साधी मागच्या चाकांची गाडी चालवत असतो. ब्रेकचं मात्र दोघांचं सारखंच. चारी चाकं ओढतात म्हणून उतारावर गाडी लवकर थांबत नाही, थांबवतात ते टायर. एवढं कळलं तरी घाटातले निम्मे शहाणे हळू चालवतील.

वहाळ ओलांडला की चित्र पालटतं. ऑगस्टमध्ये भावोजींनी लॉक मोड (मागच्या चाकांनाही सतत ताकद देणारा) लावून चढण घेतली, निम्म्यात गाडी थांबली आणि पायाखालच्या क्लचचा जळका वास आला. चारही चाकांना ताकद मिळत होती, पण पहिला गिअर उंच, म्हणजे वेग जास्त आणि जोर कमी. हळू जायचं तर हाफ क्लचवर जाणं आलं, आणि चढणीवर क्लच ते किती वेळ सोसणार? जुन्या रेनो डस्टरच्या ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये पहिला गिअर मुद्दाम आखूड, म्हणजे हळू पण जोराचा, दिला होता तो याचसाठी.

जिम्नीचं फोर-एल म्हणजे प्रत्येक गिअर जवळपास निम्म्या वेगाचा आणि चाकांवर दुप्पट जोर. गाडी थांबवून, क्लच दाबून टाकायचं. मग पहिल्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तरी ती आपली चालत राहते. चढणीच्या तोंडाशी बैलगाडीची एक तिरकी खोल चाकोरी आहे. तिथे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी होतं आणि जागच्या जागी फिरायला लागतं. फोर-व्हील ड्राइव्ह असूनही गाडी इथे अडकू शकते, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. जिम्नी त्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, खालून कर्रकर्र आवाज येतो, आणि जोर टेकलेल्या चाकाकडे जातो. पहिल्यांदा तो आवाज ऐकून वडील उतरून बाजूला जाऊन उभे राहिले होते. घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, एवढंच लक्षात ठेवायचं.

टायरचं एक. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर सारखे झिजलेले हवेत, नाहीतर मागच्या ॲक्सलजवळचा तो क्लच उगाच तापतो. एक टायर फाटला तर नवा एकटा घालून चालत नाही. भावोजींनी तेव्हा जोडी घेतली.

जिम्नीची डिकी २०८ लिटरची. मागे दोघं बसली की दोन पिशव्यांत संपते. रस्त्यावर गाडी उडते, लांबच्या प्रवासाला आई तिच्यात बसायला तयार नसते. त्यामुळे आमच्याकडे ठरलेलं आहे: बागेतून पाचलपर्यंत आंब्याच्या पेट्या मागची सीट पाडून जिम्नीत, आणि पाचलहून कोल्हापूरला पेट्या आणि आई भावोजींच्या गाडीत.